जुन्या गाडीचा 'चेक इंजिन' दिवा लागला? ईसीएम बदलण्याआधी या गोष्टी तपासून बघा

तुमची गाडी १२-१५ वर्षं जुनी असेल, तर हा प्रकार ओळखीचा असेल. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी मिसिंग मारायला लागते. किंवा सिग्नलला उभी असताना अचानक बंद पडते आणि दहा मिनिटांनी काहीच झालं नाही अशी पुन्हा चालू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, स्क्रीनवर एक कोड येतो आणि लगेच निकाल लागतो: "सेन्सर गेलाय", नाहीतर "ईसीएम गेलाय". ईसीएमचा खर्च ऐकून अनेक जण तिथेच ठरवतात, की आता गाडी भंगारात काढलेली बरी.

थांबा. जुन्या गाडीत कॉम्प्युटर स्वतः बिघडण्यापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचणारी वीज बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. दमलेली बॅटरी, गंजलेलं अर्थिंग, सैल झालेला कनेक्टर, उंदराने कुरतडलेली वायर. यातल्या बहुतेक गोष्टी एका साध्या मल्टीमीटरने तपासता येतात. कुठल्या क्रमाने तपासायचं, आकडा किती यायला हवा आणि त्याचा अर्थ काय, ते समजून घेऊया.

ईसीएम नेमकं काय करतो?

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. काही जण त्यालाच ईसीयू म्हणतात. क्रँक किती वेगाने फिरतोय, इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ही माहिती सेन्सर त्याला देतात. त्यावरून तो पेट्रोल किती फवारायचं आणि स्पार्क कधी द्यायचा हे ठरवतो.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ईसीएमला इंजिन दिसत नाही. त्याला फक्त व्होल्टेज दिसतं. अनेक सेन्सरना तो स्वतः ५ व्होल्ट पुरवतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. मधल्या वायरीत गंज शिरला, तर सेन्सर खरं बोलत असूनही ईसीएमला चुकीचं ऐकू येतं. मग तो चुकीच्या माहितीवर अगदी बरोबर हिशोब करतो आणि गाडी मिसिंग मारते!

तुमच्या गाडीतून काय वाचता येईल?

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जुनंच आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली होती. भारतात मात्र २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय गाड्या सर्रास दिसू लागल्या.

बिघाडाचे कोड सगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीने द्यावेत यासाठी ओबीडी-२ ही व्यवस्था आली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत भारत स्टेज ४ लागू झालं, त्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला. दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून सुरू झाला.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की २०१० च्या आधीच्या गाडीला स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असलं, तरी ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. त्या कंपनीची भाषा समजणारा स्कॅनर लागू शकतो. त्याहून जुन्या काही गाड्यांत सॉकेटच्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा ठरावीक वेळा चमकून कोड सांगतो. सुझुकीच्या जुन्या इंजेक्शन इंजिनांत १ चमक, थोडं थांबून २ चमका, म्हणजे १२ हा आकडा आला की 'सगळं ठीक' असं समजायचं.

स्कॅनर लावल्यावर त्याचा दिवाच पेटत नसेल, तर आधी फ्यूज बघा. या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला थेट बॅटरीची वीज आणि ४ व ५ नंबरला अर्थ मिळतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे

कोडच्या सुरुवातीचं अक्षर विभाग सांगतं. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चॅसी आणि 'यू' म्हणजे मॉड्यूलचं आपसातलं बोलणं. पण कोड कुठला पार्ट बदलायचा हे सांगत नाही. कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या कामात गडबड आहे, इतकंच सांगतो.

उदाहरणार्थ पी ०१७१. याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हा कोड आला की पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण तो तर फक्त तक्रार करणारा आहे! खरं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, दमलेला फ्यूएल पंप, चोक झालेला फिल्टर किंवा घाण बसलेला इंजेक्टर असू शकतं.

म्हणून कोड पुसण्याआधी दोन गोष्टी करा. सगळे कोड लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. आणि 'फ्रीझ फ्रेम' बघा. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन थंड होतं की तापलेलं, ही नोंद त्यात असते. कोड पुसला की हा पुरावाही जातो.

पहिली पायरी: बॅटरी आणि अल्टरनेटर

कोड कुठलाही असो, सुरुवात इथूनच. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावा.

• गाडी रात्रभर उभी राहिल्यावर: १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली.
• सेल्फ मारताना: आकडा ९.६ च्या खाली जायला नको. गेला, तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.
• गाडी चालू असताना: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. १३ च्या खाली म्हणजे अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही. १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला. असं जास्त व्होल्टेज बल्बपासून ईसीएमपर्यंत सगळ्यांना घातक.
• गाडी चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शंका घ्या. अशी अस्वच्छ वीज सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालते.

बॅटरी कमजोर असली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं, की ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसतात. अशा वेळी आधी बॅटरी चार्ज करा, कोड पुसा आणि त्यातले कुठले परत येतात ते बघा.

दुसरी पायरी: अर्थिंग

जुन्या गाडीतली सर्वात दुर्लक्षित जागा ही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल इंजिन-गिअरबॉक्सला आणि एक वायर बॉडीला जाते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार-पाच महिन्यांच्या पावसात तिथले बोल्ट गंजतात. केबल वरून चांगली दिसते, आत तारा हिरव्या पडलेल्या असतात.

इथे मीटर ओहमवर ठेवून तपासणं फसवं ठरतं. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो. पण सेल्फला शेकडो अँपिअर लागू शकतात. समजा जोडणीत फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे आणि करंट १५० अँपिअर आहे. १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच गायब!

म्हणून व्होल्टेज ड्रॉप मोजा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. मग गाडी चालू करून, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून, निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मोजा. इथे ०.१ च्या आसपास हवा.

आकडा जास्त आला, तर बोल्ट खोला, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. केबलच खराब असेल तर नवी टाका. हा खर्च ईसीएमच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो.

तिसरी पायरी: सेन्सर खरं बोलतोय का?

सर्वात सोपी परीक्षा सकाळी घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फक्त 'ऑन' करा, चालू करू नका. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या तापमानाएवढे असायला हवेत. बाहेर २५ अंश असताना एखादा सेन्सर ६० दाखवत असेल, तर तो किंवा त्याची वायर चुकीचं सांगतेय.

कूलंट सेन्सर उणे ४० अंश दाखवत असेल (सोबत पी ०११८ हा कोड येऊ शकतो), तर सर्किट कुठेतरी तुटलंय. आता सेन्सर, वायर आणि ईसीएम यांपैकी गुन्हेगार कोण? दोन वायरींच्या सेन्सरसाठी युक्ती सोपी आहे. सेन्सरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या वायरींकडच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा. स्कॅनरवरचं तापमान एकदम १२० च्याही वर उडालं, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही, तर सेन्सर बदलून काही उपयोग नाही, वायर शोधा. तीन किंवा जास्त वायरींच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नका.

आणखी एक खूण. थ्रॉटल, मॅप, एसी प्रेशर असे वेगवेगळे सेन्सर एकाच वेळी 'गेले' असं दिसलं, तर सगळे एकदम जाणं अवघड आहे. त्यांची ५ व्होल्टची वायर अनेकदा सामायिक असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांची वीज खाली ओढतो. एकेक सेन्सर काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

गाडी मिसिंग मारत असेल तर

पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते सांगतात. पी ०३०० म्हणजे कुठलाही एक ठरावीक नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर पार्ट विकत घेण्याआधी अदलाबदल करून बघा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०२ चा पी ०३०३ झाला, तर कॉइल खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन बघावं लागेल.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर ते तपासणीत मदतच करतं. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर संशय कॉइल, प्लग किंवा इंजिनावर. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोल इंजेक्टर किंवा किट बसवताना कापून जोडलेल्या वायरींवर. फक्त गॅसवर असेल तर किटवर. अशा किटमध्ये इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये किटचा कंट्रोलर जोडतात. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडण्या इंजिनाच्या उष्णतेने काही वर्षांत सुटतात. गॅसच्या पाइपला आणि टाकीला मात्र हात लावू नका, ते काम अधिकृत सेंटरचं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो.

तापली की बंद, थंड झाली की चालू

इथे पहिला संशय क्रँक सेन्सरवर. यातली तार तापल्यावर फुगून तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. गाडी बंद असतानाच परीक्षा घ्या. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्य, तर ईसीएमला क्रँकचा सिग्नल मिळत नाही. सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. आरपीएम येतोय, तर पेट्रोलकडे वळा. किल्ली ऑन करताच मागच्या सीटखालून फ्यूएल पंपाचा एक-दोन सेकंद घूं-घूं आवाज बऱ्याच गाड्यांत येतो. तो आला नाही, तर पंपाचा रिले आणि फ्यूज बघा. तसाच दुसरा रिले लावून पाहणं ही दोन मिनिटांची परीक्षा आहे.

कधीतरीच येणारा बिघाड शोधायला गाडी चालू ठेवून वायरींचा जुडगा जागोजागी हळूच हलवा. हलवताच इंजिन अडखळलं, की जागा सापडली. पंखा आणि बेल्टपासून हात दूर ठेवा. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो.

रात्रीत बॅटरी उतरते

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, ईसीएमची मेमरी थोडा करंट घेतात. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ३०० मिलिअँपिअर जात असतील, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी हिशोबाने ६ दिवसांत रिकामी होते आणि सेल्फ फिरवायची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते.

मोजण्यासाठी गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे मॉड्यूल झोपतात. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर लावा. शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. आकडा दिसला, की तोच रस्ता पकडा. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस आणि बंद न होणारा डिकीचा दिवा हे नेहमीचे संशयित.

ईसीएम खरंच गेलाय, हे कधी मानायचं?

ईसीएम जातो, हे खरं. पाणी शिरणं, उलटी बॅटरी लागणं, शॉर्ट झालेल्या कॉइलने आतला ट्रान्झिस्टर जळणं, जुन्या ईसीएममधला कपॅसिटर गळणं ही त्याची कारणं. पण तो निष्कर्ष सर्वात शेवटी.

आधी ईसीएमला मिळणारी प्रत्येक वीज आणि प्रत्येक अर्थ तपासा. इथे रिकाम्या मीटरचा आकडा पुरत नाही. ईसीएमचा कनेक्टर काढून, वायरिंग डायग्रामप्रमाणे त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो पूर्ण उजेडाने पेटला, तर वायरी खऱ्या अर्थाने वीज वाहताहेत. मिणमिणला, तर दोष वायरीत आहे.

सगळं मिळतंय, सेन्सरचे सिग्नल बरोबर येताहेत आणि तरीही ईसीएम ५ व्होल्ट देत नाही किंवा इंजेक्टर-कॉइल चालवत नाही, तेव्हाच त्याच्यावर बोट ठेवा. आणि तो कशामुळे जळला ते आधी शोधा. नाहीतर तीच शॉर्ट कॉइल नवा ईसीएमही जाळेल. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम इमोबिलायझर असलेल्या गाडीत नुसता लावून चालत नाही. किल्लीशी त्याची जुळणी करावी लागते, नाहीतर गाडी चालूच होत नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडते.

या गोष्टी करू नका

• चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनॅमो' तपासणं. जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय आहे. त्या क्षणी व्होल्टेज कितीतरी पट उडी मारतं आणि ईसीएम जळू शकतो.
• सेन्सरच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावणं. तिथे फक्त मल्टीमीटर.
• पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावणं. पिवळा रंग बहुधा एअरबॅगचा असतो.
• फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकणं किंवा तार गुंडाळणं. मग फ्यूजऐवजी वायर जळते आणि गाडी पेटू शकते.
• बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग करणं, आणि प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणं.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण पैसे देण्याआधी मेकॅनिककाकांना किंवा वायरमनना चार प्रश्न नक्की विचारा. कोड कुठला आला आणि फ्रीझ फ्रेममध्ये काय आहे? सेल्फ मारताना बॅटरीचं आणि अर्थिंगचं व्होल्टेज किती आलं? हाच पार्ट खराब आहे हे कुठल्या परीक्षेवरून ठरवलं? आणि काढलेला जुना पार्ट मला परत मिळेल ना? चांगला कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट मीटर लावून दाखवतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा एकदा लागलाच पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर खूश होऊ नका. ईसीएमला वीज मिळत नसेल, किंवा बिघाड लपवण्यासाठी कुणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असेल.